सांबऱ्यात विमान थांबलं, इंजिनिअरनं स्टिकर चिकटवला आणि सोडलं, हे चालतं का?

निपाणीच्या एका पोरानं विचारलंय. त्याची आई पहिल्यांदाच विमानानं निघाली होती, सांबऱ्याहून, म्हणजे बेळगावच्या विमानतळावरनं, बेंगळूरला, सीट पहिल्या रांगेत. सगळे बसल्यावर कॅप्टननं सांगितलं टेक्निकल कारणामुळं उशीर होतोय. मग लाईट-एसी सगळं दोनदा बंद करून चालू केलं, एक इंजिनिअर कॉकपिटमध्ये गेला, फोनवर बराच वेळ बोलला, एका जाड वहीत लिहिलं, आत कुठंतरी छोटा स्टिकर चिकटवला, खाली उतरून अंगठा दाखवला आणि विमान गेलं. आईनं पोहोचल्यावर फोनवर सांगितलं की "काही दुरुस्त केलं नाही रे, नुसतं चिकटवलं". तर पोराचा प्रश्न असा की काका, बिघडलेल्या विमानात माझ्या आईला घालून पाठवलं का?

तर हो, काहीतरी बंद होतं. ते बंद आहे हे लिहून, नियमानं विमान सोडलं, आणि अशी विमानं जगभर रोज उडतात. पण एवढ्यावर सोडलं तर तू आईला परत विमानात बसू द्यायचा नाहीस म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मी खानापूरकडचा. आधी बेळगावच्या उद्यमबागेत एका फाउंड्रीत दीड वर्ष कास्टिंग घासली, मग एएमईचा, म्हणजे विमानाच्या मेंटेनन्स इंजिनिअरचा, कोर्स केला, आता वीस वर्षांच्या वर लाईन मेंटेनन्समध्ये आहे, बी१ लायसन, म्हणजे इंजिन, बॉडी, हायड्रॉलिक ही बाजू. लाईन मेंटेनन्स म्हणजे विमान उतरल्यापासून परत उडेपर्यंत जो अर्धा-पाऊण तास मिळतो त्यात उभ्या उभ्या जे करतात ते. हँगरचं काम वेगळं, तिथं विमान उघडून आठवडा आठवडा ठेवतात.

लोकांना वाटतं विमान एकतर चांगलं असतं नाहीतर बिघडलेलं. तसं नसतंय. कुठल्याही विमानाची वही उघडून बघ, एखाद-दुसरी गोष्ट पेंडिंग असतेच, कुठं रीडिंग लाईट, कुठं सीट मागं होत नाही, कुठं दोनातला एक सेन्सर. काय पेंडिंग ठेवायचं आणि काय नाही हे मात्र माझ्या मनावर नसतं, कॅप्टनच्याही नाही. त्यासाठी एमईएल नावाचं पुस्तक असतं, मिनिमम इक्विपमेंट लिस्ट. नाव ऐकून वाटतं की कमीत कमी एवढं चालू पाहिजे अशी यादी असेल, पण आहे उलटं, काय काय बंद असलं तरी चालेल आणि कुठल्या अटीवर, त्याची ती यादी. विमान बनवणारी कंपनी मास्टर यादी करते, तिकडची अथॉरिटी मंजूर करते, त्यावरनं प्रत्येक एअरलाईन आपली यादी बनवते आणि आपल्याकडं डीजीसीए, म्हणजे विमान वाहतुकीवर लक्ष ठेवणारं सरकारी खातं, ती पास करते. एअरलाईनची यादी मास्टरपेक्षा कडक असू शकते, सैल नाही. आणि उडायला लागणारी जी वस्तू त्या यादीत लिहिलेलीच नाही, पंख, रडर असलं सगळं, ती चालूच पाहिजे, तिथं चर्चा नाही.

हे का चालतं ते शेतावरनं समजेल. आपल्याकडं विहिरीवर करंटची मोटर असते आणि शहाणा माणूस बाजूला डिझेल पंप पण ठेवतो. मोटर जळली म्हणून ऊस लगेच वाळत नाही, पण त्या दिवसापासून तू राखीववर जगायला लागलास, आता पंपपण बंद पडला तर काय, आणि किती दिवस असं काढायचं, हे दोन प्रश्न आले. विमानात बऱ्याच गोष्टी दोन-दोन, काही तीन-तीन असतात. एमईएल बनवताना नुसतं हे बंद आहे तर उडेल का एवढंच बघत नाहीत, हे बंद असताना वर गेल्यावर आणखी एक महत्त्वाची गोष्ट गेली तरी सुखरूप उतरेल का, हेही बघतात. उतरणार नसेल तर ती वस्तू यादीत येतच नाही.

किती दिवस, त्याचंही ठरलेलं आहे. चार वर्ग, ए, बी, सी, डी. बी म्हणजे ३ दिवस, सी म्हणजे १० दिवस, डी म्हणजे १२० दिवस, आणि ए ला त्या त्या वस्तूसमोर जी मुदत लिहिली असेल ती. बिघाड लिहिला तो दिवस धरत नाहीत, म्हणजे १० तारखेला बी वर्गाचं काही लिहिलं तर १३ तारखेच्या रात्री बारापर्यंत. त्याच्या आत दुरुस्त नाही झालं आणि रीतसर मुदतवाढही मिळाली नाही, तर विमान जिथं असेल तिथं उभं.

आता तो स्टिकर. त्याला आम्ही प्लॅकार्ड म्हणतो, त्यावर 'इनॉप' लिहिलेलं असतं, म्हणजे इनऑपरेटिव्ह, आणि तो त्या बटणाच्या किंवा मीटरच्या शेजारीच लावतात. घाईत असलेल्या पायलटचा हात सवयीनं जिथं जातो तिथंच तो डोळ्यासमोर आला पाहिजे. आईनं "नुसतं चिकटवलं" असं बघितलं, पण त्याच्या आधी बरंच काही झालेलं असतं जे पॅसेंजरला दिसत नाही. यादीत काही वस्तूंसमोर एम लिहिलेलं असतं, म्हणजे इंजिनिअरनं सोडायच्या आधी काहीतरी करायचंच, एखादा व्हॉल्व्ह हातानं बंद करून लॉक करायचा, एखादा ब्रेकर, म्हणजे करंट तोडणारं बटण, ओढून तो परत आत जाऊ नये म्हणून त्याला कॉलर घालायची. काहींसमोर ओ असतं, म्हणजे पायलटनं काहीतरी वेगळं करायचं, जास्त इंधन घ्यायचं, कमी उंचीवर उडायचं, स्पीड वेगळा धरायचा. एसीचे दोन पॅक, म्हणजे केबिनला हवा देणारी युनिटं, असतात, एक गेला तर बऱ्याच विमानांत उंचीला मर्यादा येते, खालनं उडलं की इंधन जास्त जळतं, इंधन जास्त घेतलं की वजन वाढतं, मग कधीकधी चार पॅसेंजर नाहीतर सामान खाली राहतं. पॅसेंजर ओरडतो की सीट असून मला का उतरवलं, आणि त्याचं कारण विमानाच्या पोटात कुठंतरी एक बंद पॅक असतो.

सगळ्यात जास्त डोकं कुठं लागतं सांगू? दोन बिघाड एकत्र आले की. एक उदाहरण घे, जेट विमानाच्या शेपटीत एक छोटं इंजिन असतं, एपीयू, जमिनीवर करंट आणि हवा देणारं. एकटं ते बंद असलं तर विमान जातं, बाहेरनं करंट आणि स्टार्टची हवा द्यायची सोय असली की झालं. दुसरीकडं एका मेन इंजिनाचा जनरेटर बंद, तोही एकटा असला तर बऱ्याच विमानांत चालतो, पण अट असते की एपीयूचा जनरेटर चालू पाहिजे. आता काल रात्री कुणीतरी एपीयू बंद म्हणून लिहून ठेवलाय आणि आज सकाळी जनरेटर गेला, झालं, दोन्ही गोष्टी यादीत असूनसुद्धा विमान जाग्यावर. म्हणून पानावरची एकच ओळ वाचून सही करणारा इंजिनिअर आम्हाला आवडत नाही, आधी काय काय पेंडिंग आहे ती सगळी पानं मागं चाळावी लागतात, आणि आई जो बराच वेळचा फोन म्हणाली तो बहुतेक बेसला, म्हणजे कंपनीच्या मुख्य ठिकाणी, मेंटेनन्स कंट्रोलशी याचसाठी असणार.

(पहिल्या रांगेतनं कॉकपिट दिसलं म्हणजे आईचं विमान जेट असणार. एटीआरमध्ये, म्हणजे इंजिनावर पंखे फिरणाऱ्या छोट्या विमानात, पॅसेंजर मागनं चढतात आणि कॉकपिटच्या मागं आधी सामानाचा कप्पा येतो. आणि एटीआरचं निघालंय म्हणून सांगतो, त्याला एपीयू नसतोच, उजव्या बाजूचा पंखा ब्रेक लावून धरतात आणि इंजिन आत चालू ठेवून करंट आणि एसी घेतात, हॉटेल मोड म्हणतात त्याला. त्यामुळं इंजिनाचा आवाज येतोय पण पंखा फिरत नाही असं दिसलं की खिडकीतला माणूस हमखास बेल दाबून एअर होस्टेसला सांगतो, मॅडम इंजिन बंद पडलंय. नाही पडलेलं.)

दुसरी गोष्ट म्हणजे तोच बिघाड मार्चमध्ये चालतो आणि जुलैमध्ये चालत नाही. हवामानाचा रडार घे, वाटेत गडगडाटी ढगांचा अंदाज नसेल तर बंद रडारनं जाता येतं, पण मे महिन्यात संध्याकाळी आपल्याकडं वळवाचं वातावरण असताना कोण सोडणार? माझी पोस्टिंग सांबऱ्याला होती तेव्हाची एक गोष्ट सांगतो. जुलै महिना, तुला माहितीय तेव्हा बेळगावात पाऊस पडतो म्हणत नाहीत, पाऊस असतो म्हणतात. सकाळचं एटीआर आलं, कॅप्टननं उतरल्यावर वहीत लिहिलं, डाव्या बाजूचा वायपर अर्ध्यातच थांबतोय. मी शिडीवर चढून बघितलं, ब्लेड ठीक, हात ठीक, नट टाईट, आतनं कॅप्टनला चालू करायला सांगितलं तर दोनदा गेला आणि तिसऱ्यांदा काचेच्या मध्यावर थरथरत उभा. मोटर गेलेली. स्टेशनला स्पेअर मोटर नाही, असल्या छोट्या स्टेशनवर चाक, ब्रेक, तेल, दिवे एवढंच ठेवतात, सगळं ठेवायचं म्हटलं तर परवडत नाही.

पुस्तकात वायपर होता. बंद असला तरी चालतोय, पण अट अशी की उडायच्या आणि उतरायच्या विमानतळाच्या ५ नॉटिकल मैलांत पाऊस नको. साडेदहाला इकडं पाऊस, तिकडं बेंगळूरला अंदाज पावसाचाच. ग्राउंड स्टाफची पोरगी दर दहा मिनिटांनी येऊन "एष्टू होत्तु आगतद सर?" म्हणजे किती वेळ लागेल विचारायची, तिचा काय दोष, तिच्या काउंटरसमोर साठ-पासष्ट लोक उभे. एक जण, धोतर-टोपीतले मामा, मुलीच्या साखरपुड्याला निघालेले, मला दारात गाठून म्हणाले, "एवढ्याशा वायपरसाठी ओ? आमच्या टेम्पोचा वायपर तर दोरी बांधून ओढतो आम्ही." मी म्हटलं मामा, टेम्पो घाटात बाजूला थांबवता येतोय की. ते हसले नाहीत.

साडेबाराला पाऊस थांबला. खरंच थांबला, धावपट्टीच्या पलीकडची शेतं लख्ख दिसायला लागली, आणि मग सगळ्यांची नजर माझ्याकडं. बेसवरनं फोन, "आता तर क्लिअर आहे, सोडता येईल का बघा." कॅप्टन आणि मी दोघांनी बेंगळूरचा अंदाज परत बघितला, उतरायच्या वेळेला पाऊस लिहिलेलाच होता. त्यानं मान हलवली, मी वहीत जे लिहिलं होतं ते तसंच ठेवलं. शेवटी मोटर बेंगळूरहून दुपारच्या विमानानं हुबळीला आली, तिथनं टॅक्सीनं हायवेनं सांबऱ्याला, सव्वाचार वाजले. बसवायला चाळीस मिनिटं. वायपर कोरड्या काचेवर चालवून बघायचा नसतो, काचेवर ओरखडे जातात, आधी पाणी ओतावं लागतं, पण तोवर पाऊस परत आला होता त्यामुळं ते काम त्यानंच केलं. मग टूल मोजले, एक सॉकेट दिसेना, माझ्याच रेनकोटच्या खिशात निघाला. तो सापडला नसता तर विमान तसंच उभं राहिलं असतं, वायपर चालू असूनसुद्धा, कारण हरवलेला सॉकेट कुठं पडलाय हे कळल्याशिवाय सोडत नाहीत. मामा संध्याकाळी गेले, साखरपुडा दुसऱ्या दिवशी असल्यानं सापडला त्यांना.

आता ते लाईट बंद-चालू. त्याची लोक टिंगल करतात, कॉम्प्युटरसारखं रिस्टार्ट मारलं म्हणून. पण विमानात खरंच कॉम्प्युटरच असतात, डझनांनी, आणि बाहेरच्या करंटवरनं आतल्या करंटवर बदलताना एखादा गोंधळतो, खोटा मेसेज धरून बसतो. कुठला कॉम्प्युटर कसा रिसेट करायचा हे पण लिहिलेलं असतं. रिसेटनंतर मेसेज गेला आणि टेस्ट पास झाली तर तेही वहीत लिहायचं. परत आला तर मग तो खरा समजून शोधायला लागायचं, दहा वेळा रिसेट मारत बसायचं नाही. ब्रेकर स्वतः उडाला असेल तर आणखी जपून, का उडाला ते बघितल्याशिवाय आत दाबायचा नाही, वायर कुठं घासत असेल तर दाबून तू तिथं आगच लावतोस.

आणि इथंच या धंद्यातली खरी भीती आहे, ती बंद वस्तूची नाही, ती का बंद पडली हे न समजताच यादीत बसवून टाकायची. २० ऑगस्ट २००८ ला माद्रिदला स्पॅनएअर या स्पॅनिश कंपनीचं एमडी-८२ जातीचं विमान निघायच्या तयारीत होतं. बाहेरच्या हवेचं तापमान मोजायचा एक प्रोब असतो, त्याचा हीटर जमिनीवरच तापायला लागला म्हणून विमान परत आलं. मेकॅनिकनी बघितलं, हीटर बंद असला तरी यादीप्रमाणं जाता येतं, त्याचा ब्रेकर ओढला, विमान सोडलं. पण तो हीटर फक्त हवेत तापायचा असतो, जमिनीवर तापला याचा अर्थ विमानाच्या एका सर्किटला वाटत होतं आपण हवेत आहोत. त्या विमानात टेकऑफच्या वेळी फ्लॅप, म्हणजे पंखाच्या मागच्या कडेचे खाली येणारे पट्टे, लावले नाहीत तर भोंगा वाजवणारी सिस्टीम जमिनीवरच काम करते. त्या दिवशी घाईत फ्लॅप लावायचे राहिले आणि भोंगा वाजला नाही. १५४ माणसं गेली, १८ वाचली. त्याच सर्किटमधल्या रिलेमुळं भोंगा गप्प राहिला हे तपासात पक्कं सिद्ध करता आलं नाही, आणि फ्लॅप विसरणं ही वेगळीच मोठी चूक होती, पण मी नव्या पोरांना ट्रेनिंगमध्ये हे सांगतोच. हीटर यादीत होता. यादी बघायच्या आधी विचारायचं होतं की बाबा हा जमिनीवर तापलाच का?

म्हणून तुला जो उशीर वाटतो त्यातला बराच वेळ पाना-पकडीचा नसतो, मॅन्युअल उघडून एकेक शक्यता काढून टाकायचा असतो. बऱ्याचदा दहा मिनिटांचं काम आणि दीड तासाचा शोध. आणि कंट्रोलचं काही उघडलं असेल, म्हणजे पायलटच्या हातातनं पंखापर्यंत जाणारं काही, तर जोडल्यावर दुसऱ्या लायसनवाल्यानं स्वतंत्र तपासावं लागतं. स्टेशनवर एकच इंजिनिअर असेल तर दुसरा येईपर्यंत थांबा.

सही कुणाची, हे पण विचारतात लोक. दुरुस्त केलं किंवा पेंडिंग टाकलं, दोन्हीला लायसनवाल्याची स्वतःच्या नावानं आणि नंबरानं सही. त्यानंतर कॅप्टन वही वाचतो आणि त्याला पटलं तरच विमान घेतो. यादीत चालतंय म्हणून कॅप्टननं घेतलंच पाहिजे असं नाही, रात्रीची वेळ आहे, पाऊस आहे, मला हे बंद नको असं तो म्हणू शकतो आणि म्हणतात. दबाव असतो का? असतो, खोटं कशाला बोलू. पण शिवीगाळ वगैरे नसते, "बघा की काही होतंय का" एवढंच असतं, आणि तेच जास्त जड असतं. मी पहिल्या काही वर्षांत त्यामुळं घामाघूम व्हायचो, आता फोन स्पीकरवर टाकतो आणि पान उघडून अट मोठ्यानं वाचून दाखवतो, समोरचा आपोआप गप्प होतो.

जाता जाता, पंखावर चंदेरी चिकटपट्टी दिसली तर तिचा फोटो काढून फॅमिली ग्रुपवर टाकू नको. ती स्पीड टेप, ॲल्युमिनियमची, वारा आणि थंडी झेलणारी, रंग उडालेल्या जागी किंवा सील सुटलं तर मॅन्युअलमध्ये परवानगी असेल तिथंच तात्पुरती लावतात. आपल्या हार्डवेअरच्या दुकानातली पट्टी नव्हे.

आता आईच्या विमानाबद्दल. मी तिथं नव्हतो त्यामुळं कुठली वस्तू ते सांगता येणार नाही, पण तिनं बघितलं तो क्रम, रिसेट, फोन, वही, स्टिकर, कॅप्टनचा होकार, अगदी पुस्तकातला आहे. वही न लिहिता गेलं असतं तर मी काळजी केली असती.

पुढच्या वेळी ती अशी अडकली तर काउंटरवर "काय बिघडलंय" विचारून उपयोग नाही, त्या पोरीला फक्त टेक्निकल एवढंच कळवलेलं असतं. विचारायचं, इंजिनिअर अजून शोधतोय का पार्ट मागवलाय? शोधतोय म्हणाली तर खरी वेळ कुणालाच माहीत नसते, स्क्रीनवर काहीही दिसू दे. पार्ट मागवलाय म्हणाली तर तो कुठल्या विमानानं येतोय ते विचारून त्यात दीड-दोन तास मिळवायचे. तिकीट न फाडता थांबायचं, अडीच तासांच्या आतल्या फ्लाईटला २ तासांच्या वर उशीर झाला तर डीजीसीएच्या नियमानं चहा-नाश्ता द्यावा लागतो, ६ तासांच्या वर गेला तर दुसरी फ्लाईट नाहीतर पूर्ण पैसे परत, निवड पॅसेंजरची. त्या वायपरच्या दिवशी आठ-दहा जणांनी पैसे घेतले आणि रात्रीच्या बसनं गेले.